हळदीची रेघ

संशय घेण्यासाठी सरकारनं मला आयुष्यभर पगार दिला. दुधात युरिया, तिखटात विटेची भुकटी, हळदीत कापडाचा पिवळा रंग, हे सगळं हुडकून काढायचं माझं काम. अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेतून मी निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत पनीरचा तुकडा मी आधी बोटांत चुरडून बघते, आणि माझे मिस्टर देवानंद शेजारी मान खाली घालून मुकाट जेवत राहतात.

"ज्योत्स्ना, तुले कोणी प्रसाद देला तरी तू आधी नमुना काढशील," असं ते म्हणतात. काढीनच. प्रसादाच्या पेढ्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे.

तर त्या वर्षी आम्ही नागपुरातला फ्लॅट विकला आणि घरगाडी घ्यायचं ठरवलं. कंपन्या तिला मोटरहोम म्हणतात, आमच्याकडे सगळे घरगाडीच म्हणतात. मागं झोपायला खाट, ओटा, संडास, पुढं स्टिअरिंग. आता मेळघाटापासून भामरागडपर्यंत गावागावांनी तळ बांधलेत, तिथं पाणी आणि चार्जिंग मिळतं. निवृत्त माणसं महिनोन् महिने तिथं राहतात. देवानंद विजेच्या लाइनवर अभियंता होते, सारी नोकरी त्यांनी गडचिरोलीच्या रानात जीप चालवत काढली. ते रान मलाही दाखवायचं, हे त्यांचं लग्नापासूनचं आश्वासन होतं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. फ्लॅटचा ताबा दिवाळीनंतर द्यायचा होता. म्हणजे गाडी चुकली तर परत जायला घर नव्हतं, आणि माझ्या डोक्यात हे सतत घोळत होतं.

पसंती दोन गाड्यांवर येऊन अडली.

पहिली नासीरभाईंची. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा बॉडी बांधायचा कारखाना आहे. पूर्वी शाळांच्या बसा बांधायचे, आता घरगाड्या बांधतात. जाड पत्रा, आतून लाकडी प्लाय, रिव्हेटच्या सरळ रांगा. मी पर्समधून लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला लागले.

"मॅडम, काय करून राहिल्या?" नासीरभाईंनी विचारलं.

"रंगाखाली पुट्टी भरलेली असली तर चुंबक धरत नाही."

"पुट्टी? माझ्या गाडीत?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "माझ्या बापानं बांधलेल्या बसा अजून धावून राहिल्या, मॅडम. ड्रायव्हर मेले, बसा जिवंत आहेत."

चुंबक सगळीकडे चिकटलं. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली. मग मी किंमत विचारली. एक्कावन्न लाख. एसी वेगळा, छतावरची सौर पाटी वेगळी, पडदेसुद्धा वेगळे.

"पडदेही?"

"मी पत्रा देतो. पडदे तुमच्या पसंतीचे लावा, त्याच्यात मी पडत नाही."

देवानंद तोवर स्टिअरिंगवर जाऊन बसले होते. ते लगेच उतरले. एरवी गाडीत चढले की त्यांना उतरवावं लागतं. "जड आहे," ते म्हणाले. "अन् हिच्यात 'चौफेर नजर' नाही. आजकाल कोण घेते अशी गाडी?"

'चौफेर नजर' म्हणजे गाडीच्या अंगावर बसवलेले कॅमेरे. कशाच्या जवळ गेलं की गाडी कानात पिंपिं करते. पंचवीस वर्षं जंगलात बिनआरशाची जीप चालवल्याचं कौतुक सांगणाऱ्या माणसाला हे खेळणं कशाला हवं, ते मला कळेना. महामार्गावर गाड्या आपल्या आपण चालतात, तिथं कोणाच्याच नजरेचं काम नसतं. रानातल्या रस्त्यांवर मात्र अजून माणूसच लागतो, आणि तिथं तर त्यांच्याएवढा तरबेज कोणी नाही.

दुसरी गाडी 'फिरस्ता'. ती विकत होता प्रज्वल, देवानंदच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. हा पोरगा आमच्याच घरी राहून शिकला. दहावीचं रसायनशास्त्र मीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. वर्धा रोडवर त्याची शोरूम, काचेची, आत गारेगार. पांढरीशुभ्र फिरस्ता उभी होती. किंमत अडतीस लाख, त्यात एसी, सौर पाटी, पडदे, बाहेर उघडणारं छप्पर, कॉफीचं यंत्र आणि चौफेर नजर. एवढं सगळं फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले.

"मामी, हे पाहा," असं म्हणून प्रज्वलनं खिशातून किल्ली काढली आणि गाडीच्या अंगावर बिनदिक्कत ओरखडा ओढला. मग आम्ही चहा प्यालो. चहा संपेस्तोवर ओरखडा गेला होता. मी बोट फिरवलं, नख फिरवलं. काही लागलं नाही.

ह्या गाडीला पत्रा नसतो. तिची भिंत एका चिवट प्लास्टिकची असते, आणि तिच्यात केसाएवढ्या बारीक नळ्यांचं जाळं असतं, आपल्या हातावरच्या शिरांसारखं. काही नळ्यांत एक रस, काहींत दुसरा. भिंतीला तडा गेला की तिथल्या नळ्या फुटतात, दोन्ही रस तड्यात उतरतात, एकत्र आले की घट्ट होतात. वरचा थर उन्हानं पक्का होतो आणि शेजारच्या रंगाशी जुळून जातो. खरचटलं तर मिनिटांचं काम, मोठा तडा एक-दोन उन्हांत बुजतो. कंपनी सांगते की भरलेली जागा मूळच्या इतकीच मजबूत. फक्त एक गोष्ट ती बारीक अक्षरात सांगते. एका जागचे रस एकदा सांडले की संपले. तिथंच पुन्हा लागलं तर तो तडा तसाच राहतो, आणि आत पाणी शिरतं.

ह्या भिंती बाजारात आल्या आणि माणसांच्या वागण्यात फरक पडला. पूर्वी पोचा दिसला की विचारणा व्हायची, कुठं लावली, कोणी लावली. आता पोरं बापाची गाडी ठोकून आणत आणि सकाळी बापाला पत्ता नसे. पार्किंगमध्ये शेजाऱ्याची गाडी घासली तर चिठ्ठी ठेवायचं कोणाला कारण उरलं नाही. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात तर सगळा अंधारच. कोणती जागा एकदा भरून गेली आहे आणि कोणती अजून कोरी आहे, हे सांगायला काही खूणच नव्हती. कंपनीनं रस असे तयार केले होते की कुठल्याही दिव्याखाली सांधा दिसू नये.

"ही गाडी किती फिरली?" मी विचारलं.

"फारशी नाही. गिऱ्हाइकाला दाखवायले नेतो ना, तेवढीच." प्रज्वल माझ्याकडे न बघता म्हणाला. "शोरूमची आहे म्हणूनच तर सूट देऊन राहिलो."

"मला दुसरी दाखव. कारखान्यातून आलेली."

"कशाले दुसरी?" देवानंद मध्येच म्हणाले. "हीच चांगली आहे. हीच घेऊ."

मामा-भाच्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, भाच्याचा धंदा व्हावा म्हणून मामा भोळेपणा करताहेत.

धाड नेहमी एकटीनं आणि न सांगता टाकावी. दोन दिवसांनी दुपारी, प्रज्वल जेवायला गेला असेल अशा वेळी मी शोरूममध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, चादरींसाठी खाटेचं माप घ्यायचंय. पर्समध्ये जांभळ्या उजेडाचा जुना टॉर्च होता. सांधे दिसणार नाहीत हे मला माहीत होतं. पण हात वळवळतो त्याला काय करणार. मागून सुरुवात केली, उजवी बाजू बघितली, काही नाही. गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी आले आणि तिथं उजेडात एक रेघ पेटली. वीतभर लांब, केसाएवढी बारीक, पिवळी-हिरवी.

तो रंग मी माझ्या तोंडापेक्षा जास्त वेळा बघितला आहे. जांभळ्या उजेडात हळद अशी चमकते. कुंकू चमकत नाही, हळद चमकते.

मी जमिनीवर उकिडवी बसले आणि विचार केला. कंपनीचे रस चमकत नाहीत, म्हणजे सांध्यात हळद शिरली आहे. हळद शिरली म्हणजे तडा गेला तेव्हा ती तिथं लावलेली होती. रस बाहेर आले, त्यांनी हळदीला पोटात घेतलं आणि घट्ट झाले. वरची हळद धुऊन गेली, आतली राहिली. आता शोरूमच्या गाडीला कोणी हळद-कुंकू लावत नाही. हळद-कुंकू लावतो तो मालक, घरी न्यायच्या दिवशी. म्हणजे ही गाडी आधी एकदा विकली गेली होती, पूजा झाली होती, ठोकली होती, परत आली होती. आणि आता सख्खा भाचा ती आम्हाला नवी म्हणून विकत होता.

मी ब्लेडनं त्या रेघेतून एक पापुद्रा खरवडला आणि बाटलीत टाकला. तेवढ्यात मागून प्रज्वलचा आवाज आला.

"मामी, टॉर्चनं हिच्यात काही दिसत नाही बरं." तो हसत होता.

मी टॉर्च बंद केला. "प्रज्वल, ही गाडी आधी कोणी नेली होती का रे?"

"नाही मामी."

"आईची शपथ?"

त्यानं खाली बघितलं. "चहा घेता का?"

मी चहा घेतला नाही. रिक्षात बसले तेव्हा मला चक्क रडायला येत होतं. ह्या पोराच्या तापात मी रात्ररात्र जागले होते. घरी जाऊन त्याच्या आईला फोन लावायचा, काय काय बोलायचं, हे मी मनात जुळवत होते. पण आधी पुरावा. पुराव्याशिवाय मी कधी कोणावर बोट ठेवलेलं नाही.

देवानंद झोपले होते. अर्धं घर खोक्यांत भरलेलं. मी ओट्यावर जागा केली, पापुद्रा स्पिरिटमध्ये भिजवला आणि माझं तळहाताएवढं यंत्र काढलं. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी मला साडी देऊ केली होती, मी हे मागून घेतलं. ते नमुन्यावर प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून आत काय काय आहे ते ओळखतं. हळदीचा पिवळेपणा तीन घटकांचा असतो, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण दर जातीचं, दर मातीचं, दर पिकाचं वेगळं. कुठली हळद, शुद्ध की भेसळीची, हे त्यावरून सांगता येतं. तुलनेला एक खात्रीची हळद लागते. मी माझी ठेवली आहे. वर्धा जिल्ह्यात वायगावला माझ्या भावाचं शेत आहे. दरवर्षी तिथून कंद आणते, उकडते, वाळवते, घरीच दळते. बाजारची हळद माझ्या घरात येत नाही. यंत्रात ह्या वर्षीच्या हळदीचं नाव मी नुसतं 'घर' असं घातलं होतं.

यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि पडद्यावर अक्षरं आली. जुळणी: घर.

माझ्या हाताला घरची हळद लागली असेल, म्हणून मी साबणानं हात धुतले. नवी बाटली घेतली, उरलेला पापुद्रा नव्यानं भिजवला. जुळणी: घर. तिसऱ्यांदा करायला नमुना उरला नव्हता.

आधी मनात आलं, प्रज्वलनं आमच्या डब्यातून हळद नेली असेल. पण तो उन्हाळ्यापासून घरी आला नव्हता, आणि ही हळद त्यानंतर दळलेली. डब्याला हात लावणारी माणसं दोनच. एक मी, आणि गाड्यांच्या पूजेची मी थट्टा करते. दुसऱ्या माणसानं स्कूटरपासून जीपपर्यंत प्रत्येक गाडीची पूजा केलेली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची पुडी आणली असती तर मी त्यांना जन्मात पकडलं नसतं.

देवानंद उठून स्वयंपाकघरात आले. येताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

"कुठं कुठं खोकी ठेवते, बाप्पा," ते खांदा चोळत म्हणाले.

तिथं खोकं नव्हतं. त्या बाजूला काहीच नव्हतं. महिनाभर मी त्यांच्या खांद्यावर निळे डाग बघत होते आणि सामान बांधताना लागलं म्हणून तेल चोळून देत होते.

"फिरस्ताची पूजा कधी केली तुम्ही?" मी विचारलं.

ते खुर्चीवर बसले. ओट्यावरचं यंत्र त्यांनी बघितलं, बाटली बघितली. खोटं बोलायचा विचार त्यांच्या तोंडावर आला आणि गेला.

"श्रावणात," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात त्यांना एकदा बाजारात चक्कर आली होती. ते मला न सांगता डॉक्टरकडे गेले. मेंदूच्या मागच्या भागात एका बारीक शिरेत रक्त साकळलं होतं. औषधानं जिवावरचं टळलं, पण नजर थोडी गेली. डोळे चांगले होते, डोळ्यांनी पाठवलेलं बघणारी जागा दुखावली होती.

"डाव्या बाजूला जरासं अंधुक दिसते," ते म्हणाले. "जरासंच. गाडी चालवू नका म्हणे डॉक्टर. ते तर सगळ्यायलेच तसं म्हणतात. मी प्रज्वलले म्हटलं, दोन दिवस गाडी दे, मामीले सांगू नको. पाह्यचं होतं जमते का. नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं अन् काटोल रोडनं निघालो. मस्त चालून राहिली होती. मधातच किलोमीटरचा दगड आला."

"दगड आला?"

"मी गेलो त्याच्यावर." त्यांनी टेबलावरची सांडलेली साखर बोटानं गोळा केली. "प्रज्वलले मीच शपथ घातली. ठोकली मी, तर घ्यावी पण मीच, म्हणून हीच घेऊ म्हटलं. पोरगं तर तवापासून माझ्याशी धड बोलत नाही. चौफेर नजर चालू नव्हती तेव्हा. असती तर वाजली असती. म्हणून तर म्हणतो, ती पाहिजेच."

आता मला त्या पिंपिंचं वेड कळलं. अडतीस लाखांत हा माणूस कॉफीचं यंत्र आणि छप्पर बघत नव्हता, स्वतःसाठी डोळा विकत घेत होता.

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तू तपासलं असतं," ते म्हणाले. "रोज तपासलं असतं. अन् तपासून झाल्यावर आपण कुठंच गेलो नसतो."

मला संताप आला होता. गाडी ठोकल्याचा नाही. त्या दगडाच्या जागी माणूस असता तर, ह्याचा. भाच्याला खोटं बोलायला लावल्याचा. आणि सगळ्या विदर्भाच्या दुधात पाणी शोधणाऱ्या बाईला आपल्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचं काही कळलं नाही, ह्याचा सगळ्यात जास्त. आणि संतापाच्या खाली भीती होती, ती मी त्यांना सांगितली. म्हटलं, मला भीती वाटते, तुम्ही एकटे गेला होतात, मेला असतात. मग मी चहा टाकला आणि आम्ही दोघं चहा प्यालो.

"जायचं तर आहे," कप विसळताना मी म्हटलं. "गाडी मी चालवीन."

इतक्या वेळानं ते पहिल्यांदा हसले. "तू? भाजीबाजारात गाडी लावायले वॉचमनले हाक मारते तू."

"शिकेन."

दुसऱ्या दिवशी प्रज्वल आला. दारातच माझ्या पाया पडला आणि तिथंच बसून राहिला. मी त्याला उठवलं, ताटावर बसवलं. जेवता जेवता त्याचा धीर वाढला. "मामी, ती गाडी परत पाठवतो. तुमच्यासाठी कोरी फिरस्ता मागवतो, त्याच किमतीत, सगळं फुकट. अन् खरं सांगू? तुम्ही नवशिक्या. घासाल, ठोकाल. हिच्यात काही दिसणार नाही."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

देवानंदनी मान वर केली.

"ह्या वर्षी आपल्या घरात बरंच काही लागलं आणि वरून गुळगुळीत राहिलं," मी म्हटलं. "मला आता पोचा पडला तर दिसणारी गाडी पाहिजे. कोणी पाडला, कुठं पाडला, विचारता आलं पाहिजे. नासीरभाईंची घेऊ."

"तेरा लाख जास्त देऊन डेंट विकत घेऊन राहिली ही," देवानंद प्रज्वलला म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

तसा हिशेब बघितला तर माझाच निर्णय वेडा होता. हलकी, स्वस्त, सोयीची गाडी सोडून मी जड, महाग आणि उघडीबोडकी गाडी घेत होते. एसीवर पाणी सोडलं, सौर पाटी लहान घेतली, पडदे माझ्या जुन्या साड्यांचे शिवले. शिकवणीच्या गाडीवर हात बसवला, मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना मी आधी त्यांचं ओळखपत्र मागितलं, तेव्हा शिकवणीवाल्यानं कपाळाला हात लावला. देवानंद ह्या काळात बरे वागत होते. शिकवणीला मागं बसून सूचना देत, गिअर नसलेल्या गाडीतही मला क्लच कसा सोडायचा ते सांगत. नजरेबद्दल विचारलं की म्हणत, "सांगितलं ना, जरासं अंधुक." डॉक्टरांच्या तारखेला मला बरोबर येऊ देत नसत. मी कागद मागितले, ते खोक्यांत कुठंतरी गेले होते. मला ते पटत नव्हतं, पण मी रेटलं नाही. तपासत राहिले तर हा माणूस अजून आत दडून बसेल, असं मला वाटत होतं.

दिवाळीनंतर फ्लॅटची चावी दिली आणि सकाळी गाडी आणायला हिंगण्याला गेलो. नासीरभाईंनी गाडी धुऊन-पुसून ठेवली होती. निळा पत्रा उन्हात चकाकत होता. नासीरभाईंनी पेढे वाटले. मी पेढा चुरडून बघितला नाही, तोंडात टाकला, आणि देवानंदनी ते पाहून भुवया उंचावल्या.

कारखान्याचं आवार अरुंद, गाडी मागं घेऊन फाटकातून काढायची होती. मी स्टिअरिंगवर बसले, देवानंद डाव्या बाजूला. मला उजवा खांब आरशात दिसत होता. डावीकडचा त्यांनी बघायचा, असं ठरलं. त्यांनी काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि आपल्या जीपच्या दिवसांतल्या आवाजात म्हणाले, "येऊ दे. येऊ दे. भरपूर जागा आहे. बिनधास्त येऊ दे."

मी येऊ दिली. कर्रकन आवाज झाला आणि गाडी थांबली. डाव्या बाजूचा पत्रा फाटकाच्या लोखंडी खांबानं आत दाबला होता.

"मॅडम, अजून फाटकाच्या बाहेर नाही निघाल्या," नासीरभाई हातोडा घेऊन धावत आले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "काही नाही, काही नाही. आत्ता काढून देतो."

मी देवानंदकडे वळले. कारणं तयार होती, मला सगळी माहीत होती. आरसा लहान आहे. ऊन डोळ्यावर आलं. तूच जोरात घेतली. ते कोणतंही सांगतील, आणि मी विश्वास ठेवणार नाही, आणि भामरागडपर्यंत आम्ही असेच जाणार. मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"मले खांब दिसला नाही," ते म्हणाले.

"जरासं अंधुक म्हणाला होतात."

त्यांनी समोरच्या काचेतून सरळ पुढं बघितलं. मग डावा हात उचलून कानाशी नेला, बोट उभं धरलं, आणि हात हळूहळू पुढं आणायला लागले. काय करताहेत ते मला आधी कळलं नाही. हात कानावरून गालापाशी आला. ते गप्पच. डोळ्यासमोर आला, तरी गप्प. डाव्या डोळ्याच्या अगदी समोर त्यांचं स्वतःचं बोट उभं होतं आणि ते काही बोलत नव्हते. हात नाकाच्या शेंड्यापर्यंत आला तेव्हा ते म्हणाले, "इथं. इथून दिसते. त्याच्या डावीकडे काहीच नाही, ज्योत्स्ना. अंधार पण नाही. काहीच नाही."

बाहेर नासीरभाई हातोडा हातात धरून उभे होते. त्यांनी पत्र्याला हात लावला नाही.

देवानंदचं बोट अजून नाकासमोर होतं. मी तो हात खाली घेतला आणि माझ्या मांडीवर धरून ठेवला. ते खरं सांगत होते. तपासून बघायची मला गरज वाटली नाही.